गॅस न भरणारे सोपानमामा

आमच्या शहरात गाड्यांच्या एसीची दुकानं ढीगभर आहेत आणि सगळ्यांच्या पाट्यांवर एकच वाक्य असतं, 'येथे गॅस भरून मिळेल'. छावणीत मात्र एक पाटी अशी आहे की जिच्यावर लिहिलंय, 'येथे गॅस भरून मिळणार नाही. गळती काढून मिळेल.' ही पाटी सोपानमामांची. ती रंगवणाऱ्या पेंटरला वाटलं, मामांचं सांगताना चुकलं असेल, म्हणून त्यानं आपल्या मनानं 'नाही' गाळून टाकलं. मामांनी त्याच्याकडून ती पुन्हा रंगवून घेतली आणि रंग वाळेपर्यंत त्याला जाऊ दिलं नाही.

आता गॅस ते भरतातच. न भरून चालेल कसं? पण तो शेवटी, गळती सापडल्यावर. आल्या आल्या 'गॅस भरा' म्हणणाऱ्या माणसाला ते पाटीकडे बोट दाखवतात आणि हातातलं काम पुढं चालू ठेवतात.

मी शाळेत गणित शिकवते. मला चिडायला फार वेळ लागत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात तर अजिबातच लागत नाही. आमची गाडी जुनी घेतलेली. त्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. दोन्ही वेळा पंधरा दिवस गारवा आणि सोळाव्या दिवशी चुलीसमोर बसल्यासारखी गरम झळ. नवरा म्हणायचा, "काचा उघड की. आमच्या लहानपणी कुठं होते एसी?" त्याच्या लहानपणी त्यांच्याकडे गाडीही नव्हती, हे मी त्याला दरवेळी सांगते, पण त्याचा काही उपयोग होत नाही. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी मामांचा पत्ता दिला. "काम चोख आहे," त्या म्हणाल्या, "पण माणूस जरा... तुम्ही जाऊनच बघा."

मी गेले आणि जी चूक सगळे करतात तीच केली. म्हटलं, "मामा, गॅस संपलाय, भरून द्या."

मामांनी पाटीकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी एक सुस्कारा सोडला. उंच, वाळका माणूस, साठीला टेकलेला, अंगात पायजमा आणि बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. तो शर्ट मी पुढं कधीही मळलेला पाहिला नाही, गॅरेजात हे कसं जमतं कोण जाणे. ते म्हणाले, "ताई, गॅस संपत नसतो. जातो. संपायला त्यो काय डब्यातलं तेल हाय? बंद नळीत फिरतोय. गेला म्हंजी कुठनं तरी गेला. त्ये न बघता नवा भरायचा म्हंजी मेंढवाड्याचं कुंपण मोडकं ठिवून नवी मेंढरं आणायची."

मेंढरांशिवाय मामांचं वाक्य पुरं होत नाही. बाप, आजा, सगळे पाचोडकडचे मेंढपाळ. मामांनीही अठरा वर्षांपर्यंत मेंढरंच राखली. मग छावणीतल्या एका गॅरेजात गाड्या धुवायला लागले, तिथून कुणीतरी एसीच्या कामाला लावलं, आणि पुढं स्वतःचं दुकान झालं. पण नजर मेंढपाळाचीच राहिली. गाडी आली की ते बॉनेट उघडत नाहीत. समोर पोतं अंथरून उकिडवे बसतात आणि नुसते बघतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा म्हणाले, "कळपातलं आजारी मेंढरू हात लावून घावत नाय, ताई. बसून बघावं लागतं. त्ये आपसूक मागं राहतं."

"पण माझी तर एकच गाडी आहे. मागं कुणाच्या राहणार?"

"तुमचं गणिताचं डोकं हाय," मामा म्हणाले. मी काय शिकवते ते मी त्यांना तोपर्यंत सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू होतात. शेवटचं गार कधी लागलं? सकाळी लागतं की दुपारी? गाडी कुठं उभी असते? झाडाखाली? कुठल्या झाडाखाली? घरात उंदीर आहेत का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी एकदा शहागंजच्या एका कापडवाल्या शेठला, त्याच्या बायकोसमोर विचारला. शेठ वैतागला. "अरे मामू, गॅस भर देव ना, काय कू इत्ता पूछरे?" मामा शांतपणे म्हणाले, "सेठ, गया किधर से, वो बोलो पहले." शेठ रागारागानं निघून गेला आणि वीस दिवसांनी परत आला. बाहेरूनच म्हणाला, "हां मामू, हैं चूहे." नळी उंदरानंच कुरतडलेली निघाली.

बघून झालं, विचारून झालं, की मामा नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबून भरतात आणि मग फेस काढायला बसतात. बाजारात गळती शोधायचे फवारे मिळतात. मामांना ते चालत नाहीत. ते रिठे भिजत घालतात, लोकर धुवायला त्यांच्या घरी घालायचे तसे, आणि दाढीच्या ब्रशनं त्या पाण्याचा दाट फेस काढून एकेका जोडावर लावतात. "दुकानातला फेस पळून जातो," ते सांगतात, "रिठ्याचा बसून राहतो. गळती बारीक असली तर तिला बाहेर यायला टाईम लागतो. तवर थांबायला पायजे ना कुणीतरी." गाडीच्या पोटातल्या सगळ्या नळ्या दाढीला बसल्यासारख्या पांढऱ्या होतात. त्यातून कुठंतरी एक बुडबुडा हळूच फुगतो, आणि मामा त्याला "ये, ये" असं म्हणतात.

त्यांनी काढलेल्या गळत्यांच्या गोष्टी छावणीत सगळ्यांना पाठ आहेत. एका गृहस्थानं गाडीला दृष्ट लागू नये म्हणून पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली होती, तीही चांगली जाड तारेनं, पडू नये म्हणून. तारेचं टोक आत वळलेलं. खड्ड्या-खड्ड्याला ते टोक आतल्या कंडेन्सरच्या नळ्यांवर घासत राहिलं आणि सहा महिन्यांत भोक पडलं. दर शनिवारी माणूस नवं लिंबू बांधायचा आणि दर महिन्याला गॅस भरायचा. मामांनी ती तार सोडवून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही घ्या तुमची दृष्ट." त्यानं विचारलं, मग आता लिंबू बांधू की नको? मामा म्हणाले, "बांधा की. दोऱ्यानं बांधा."

माझ्या गाडीत सगळीकडे फेस लावून झाला तरी एकही बुडबुडा आला नाही. दाबाचा काटा मात्र खाली उतरत होता. मामांनी ब्रश ठेवला. "भायेर कुठं नाय. म्हंजी आत हाय. कूलिंग कॉईल." ही सिद्धता मला पटली. पटली नाही ती पुढची गोष्ट. ती कॉईल डॅशबोर्डच्या मागं असते आणि तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणजे स्टिअरिंग, टेप, सगळं. माझ्या डोळ्यांदेखत माझी गाडी खुर्च्या आणि वायरींच्या ढिगापर्यंत खाली आली. मी नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "मी सांगत होतो, काचा उघड." मी फोन ठेवला. मामा डॅशबोर्डमागून माझ्या मुलीची हरवलेली केसांची पिन, तीन लग्नपत्रिका आणि अंगाऱ्याची पुडी काढत होते. हे सगळं त्यांनी एका ताटलीत मांडून मला दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी पुन्हा गाडी झाली. एसी लावला, गार वारा सुटला, मी खूष होऊन पर्स उघडली. मामा म्हणाले, "थांबा. अजून पास कुठं झाली?" आणि दुकानाच्या मागं तोंड करून हाक मारली, "माय, गाडी आली."

दुकानामागच्या खोलीतून एक म्हातारी निघाली. ही मामांची आई, गयाबाई. ऐंशीच्या पुढची, उन्हानं काळवंडलेली, डोक्यावरून पदर, चालणं ताठ. माझ्याकडे न बघता तिनं मागचं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसली. मामा पुढं माझ्या शेजारी बसले. "नगर नाक्यापर्यंत चला आन् परत," त्यांनी मला हुकूम सोडला. सगळा रस्ता ते मान वळवून आईच्या तोंडाकडे बघत होते. म्हातारीनं तळहात समोर धरलेले, डोळे मिटलेले. नाक्यावरून वळताना तिनं डोळे उघडले. "आलं," ती म्हणाली.

"आलं, ताई," मामा मला म्हणाले, जणू मी ऐकलंच नव्हतं. "गार मागपर्यंत पोचलं पायजे. पुढं काय, कुणालाबी लागतं."

तर ही त्या दुकानाची रीत. गयाबाईंनी पास केल्याशिवाय गाडी जात नाही. एकदा एका बड्या कंत्राटदाराची नवीकोरी गाडी तिनं नापास केली. "नाय आलं." कंत्राटदार हसला, मग चिडला, मग म्हणाला, अहो, मला इथं हुडहुडी भरली आहे. मामांनी त्याचं ऐकलं नाही. गाडी परत पोत्यासमोर उभी राहिली, परत फेस, आणि शेवटी गॅस भरायच्या तोंडाशी एवढासा बुडबुडा निघाला. महिनाभरात त्याचा सगळा गॅस गेला असता. कंत्राटदारानं म्हातारीच्या पाया पडून फोटो काढून घेतला.

पुढं माझं येणं-जाणं वाढलं. शाळा जवळ, आणि खरं सांगायचं तर मला त्या दुकानात करमायचं. एकदा मामांनी आपणहून सांगितलं. वडील गेल्यावर त्यांनी आईला पाचोडहून इथं आणलं. ती तीनदा परत गेली. "बसून खायाची लाज वाटती म्हणती. जलमभर उन्हात हिंडली, आता सावलीत बस म्हणलं तर तिला शिक्षा वाटती. तिकडं घर पडीक, शेजारी कुणी नाय. रातीबेराती पडली तर कळायचं बी नाय. मंग मीच ह्ये काम काढलं. म्हणलं, माय, मला मागचं गार कळत नाय, तूच सांग. तवापासून दोन वर्सं झाली, गेली नाय."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन बीडला.

"मला काय धाड भरली? मी बरा हाय. म्हातारीसाठी सारं."

हे सगळं मला ठाऊक होतं. लेकराबाळांना शिकवते, पन्नाशीला आले, एवढी अक्कल मला असायला हवी होती. तरी मी जे करायचं ते केलंच. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी माझ्या भावाच्या गाडीचं काम फार चांगलं करून दिलं, तर मला वाटलं, माणसाला काहीतरी भेट द्यावी. मी एक छान डिजिटल तापमापक आणलं. एसीच्या जाळीत अडकवायचं, आकडे दिसतात. मोठ्या हौसेनं ते माझ्या गाडीत लावून मी मामांना दाखवलं. "बघा मामा, नऊ अंश. एकदम अचूक. आता आजींना उन्हातून उठून यायचा त्रास नको."

आजी तिथंच होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी त्या डबीकडे बघितलं. "म्हंजी ही सांगती व्हय, गार आलं का नाय?"

"हो ना," मी म्हटलं. अजूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

"बरं झालं," म्हणून त्या आत गेल्या.

मामांनी डबी गाडीच्या जाळीतून काढली आणि एक ड्रॉवर उघडून आत टाकली. ड्रॉवरमध्ये आधीच चार तापमापकं होती. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "धंद्यात तीस वर्सं झाली. मला मापक ठावं नसंल व्हय?"

मला गाडीच्या डिकीत जाऊन बसावंसं वाटलं.

दोन दिवसांनी, शनिवारी, मामांचा फोन आला. आईनं गाठोडं बांधलंय. उद्या पाचोडचा बाजार, तिकडं जाणारी जीप सकाळी छावणीतूनच निघते, त्यात बसणार म्हणते. "तिला काय सांगू त्येच मला सुचंना," ते म्हणाले. फोनवर त्यांचा आवाज एवढा लहान कसा झाला, मला कळेना. मला रात्रभर स्वतःचा संताप येत राहिला.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा गयाबाई दुकानाबाहेर गाठोड्यावर बसल्या होत्या. मामा एका गाडीसमोर पोत्यावर उकिडवे बसले होते, पण त्या गाडीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी गाडीतून उतरले आणि आयुष्यात शाळेच्या तपासणीतही बोलले नसेन एवढं धडधडीत खोटं बोलले. "मामा, तुमच्या कामात खोट आहे. काल नवरा मागं बसला होता, घामानं निथळत उतरला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. गाडीत काही बिघाड नाही हे त्यांना बसल्या जागेवरून कळत होतं.

"त्या डबीला इचारा," गयाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

"विचारलं," मी मामांच्या ड्रॉवरकडे न बघता म्हटलं. "डबी म्हणते गार आहे. माणूस म्हणतो गरम आहे. आता मी कुणाचं ऐकू?"

म्हातारी बराच वेळ जीप येते का ते बघत राहिली. मग गाठोडं तिथंच ठेवून उठली, चपला काढल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. "चल बाई. लौकर. जीप येईल."

मामा मान वळवून आईकडे बघत होते, आई तळहात पुढं धरून डोळे मिटून. नाक्यावर मामा एकदम म्हणाले, "मी चहा आणतो," आणि उतरून गेले. बहुधा त्यांना बसवेना.

ते टपरीशी पोचल्यावर मागून आवाज आला. "बाई, खोटं बोलतीस. गाडी चांगली हाय तुझी."

मी शरमले. "तुम्हाला लगेच कळलं?"

"मला काय डोंबल कळतंय? ह्या वयात मला पंख्याखाली बी थंडी वाजती. समद्या गाड्या गारच लागत्यात."

मी मागं वळले. "मग त्या कंत्राटदाराची गाडी नापास कशी केलीत?"

"सोपानाकडं बघून. पोटात शंका असली की त्यो मान खाजवितो, लहानपणापास्नं. त्या रोजी सारखा खाजवीत व्हता. म्हणलं, नाय आलं." तिनं तळहात पदरात घेतले. खरंच गारठले होते ते. "सून गेल्यावर मी आले बघायला, तर हा उभ्या-उभ्या जेवायचा. हितंच, हत्यारात. घरी जाऊन करायचं काय, म्हणायचा. ल्हान असताना हरवल्यालं मेंढरू हुडकलं की आधी मला आणून दाखवायचा, मंग बापाला. आता गाडी दाखवतो. दाखवायला कुणीतरी लागतंय का नाय माणसाला? म्हणून ह्ये काम धरलं मी. तिथं पाचोडात मला काय कमी हाय?"

"मग निघालात का?"

"तू डबी आणलीस. मला वाटलं, त्यानंच आणाया सांगितली."

मी म्हटलं, "आजी, नाही हो. माझाच गाढवपणा." त्यांनी मान हलवली, म्हणजे गाढवपणा होता हे त्यांनाही मान्य होतं.

मामा तीन कप सांभाळत परत आले आणि मागच्या काचेशी उभे राहिले. मी काच खाली केली. त्यांनी चहा आत दिला नाही. घसा खाकरून विचारलं, "माय, आलं का?"

गयाबाईंनी पुन्हा तळहात पुढं धरले. डोळे मिटले. एवढा वेळ घेतला की मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"नाय आलं," त्या म्हणाल्या. "उद्याच्याला परत बघावं लागंल. मंग परवा बी."

एवढं ठणठणीत काम नापास झालं आणि मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा मी आमच्या शाळेत पहिल्या आलेल्या पोराच्या चेहऱ्यावरही बघितलेला नाही. "व्हय माय," ते म्हणाले. "बघू की. उद्या बघू, परवा बघू."

पुढचं दार मी उघडून दिलं होतं. ते तिकडे आलेच नाहीत. मागचं दार उघडून, चपला बाहेर काढून, ते आईच्या शेजारी मांडी घालून बसले, माझा कप पुढं दिला आणि म्हणाले, "ताई, आज जरा लांबनं घ्या."